घरूनच बोलून राहिली

आमचा फोन नंबर तीन आकडी होता आणि तो आमचा नव्हता.

पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीत टेलिफोन एकच होता, शेजारच्या काकूंकडे. काकू नात्यातल्या कोणी नव्हत्या. त्यांचे यजमान संत्र्यांचे अडत्ये. हंगामात ते दिवसभर बागांमध्ये नाहीतर मंडीत असत, आणि फोन त्यांनी धंद्यासाठीच घेतला होता. पण धंद्यापेक्षा गल्लीलाच त्याचा उपयोग जास्त झाला. ऐंशीच्या दशकात फोनसाठी नाव नोंदवलं की पाळण्यातलं पोरगं कॉलेजात जाईपर्यंत वाट पाहायची, म्हणून आम्ही सगळ्यांनी काकूंचाच नंबर आपला म्हणून जगाला वाटून टाकला होता. नंबराच्या पुढे 'पीपी' लिहायचं. फोन दुसऱ्याचा, माणूस आमचा, असा त्याचा अर्थ. समोरच्या शिंपीकाकांनी दुकानाच्या पाटीवर नंबर रंगवून घेतला आणि पीपी लिहायला जागा उरली नाही असं ते सांगत. जागा भरपूर होती.

बाहेरच्या माणसाला वाटे की या गल्लीत घरोघरी फोन आहेत आणि घरोघरी एकाच आवाजाच्या बायका राहतात. तो आवाज काकूंचा.

काकूंच्या खिडकीच्या गजाला एक जुनी पितळी थाळी सुतळीने बांधलेली होती, आणि तिच्याजवळ एक पळी. फोन आला की काकू विचारत, "कोण पाहिजे जी?" आणि मग थाळी वाजवत. एक टोला म्हणजे आमचं घर, दोन म्हणजे शिंपीकाका, तीन म्हणजे कोपऱ्यावरचे कंपाउंडर. त्यापुढच्या घरांना नावानेच हाक. टोला ऐकला की माणूस असेल तसा धावे. शिंपीकाका गळ्यात टेप घेऊन येत, आई कणकेच्या हाताने. चपला बाहेर काढायच्या, आणि फोनवर उभ्याने बोलायचं. शेजारी खुर्ची होती, पण ती आमच्यासाठी नव्हती हे कोणी न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं.

हे असंच चालू राहिलं असतं तर मला आज काही लिहावं लागलं नसतं.

पण ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. थाळी वाजवा, माणूस येऊ द्या, त्याने धापा टाकत "हॅलो" म्हणेपर्यंत निम्मी मिनिटं संपलेली. तेव्हा काकू पलीकडच्याला म्हणू लागल्या, "मिनिटं जाऊन राहिले जी, मलेच सांगून द्या." त्या निरोप घेत आणि संध्याकाळी पाण्याच्या वेळी नळावर पोचवत. लोकांना हे फार आवडलं. धावायला नको, उभं राहायला नको. मग लोक उत्तरंही काकूंकडे आधीच ठेवून जाऊ लागले. शिंपीकाका सांगून जात, "काकू, कपड्याचं कोणी विचारलं तर उद्या नक्की म्हणा." कंपाउंडर सांगून जात, "डॉक्टरसाहेब बाहेरगावी हायेत म्हणून सांगा." काकूंच्या डोक्यात प्रत्येक घराचं एक उत्तर तयार असे. फोन आला की त्या ते देत, आणि थाळी हळूहळू नुसती खिडकीला लटकू लागली.

इथे एक खोट होती आणि ती कोणाला दिसली नाही. काकूंच्या डोक्यात उत्तरं घराप्रमाणे लावलेली होती. विचारणारा कोण आहे, कशासाठी विचारतोय, याला तिथे कप्पाच नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे लोक गोटमारीच्या जुन्या प्रथेप्रमाणे एकमेकांना गोटे मारत, तेव्हा बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन सकाळपासून वाजत. काकू गहू निवडता निवडता सगळ्यांना एकच सांगत, "बरे आहेत जी, सगळे बरे आहेत." कोण नदीवर गेलंय आणि कोण डोकं धरून दवाखान्यात बसलंय, हे बघायला त्या कधी उंबऱ्याबाहेर गेल्या नाहीत. संध्याकाळी पट्ट्या बांधलेली डोकी गल्लीत परत येत आणि आम्ही हसत असू. आम्हीही काही फार चांगली माणसं नव्हतो.

मग शिंपीकाकांच्या भावाचा फोन आला. आईची तब्येत फार बिघडली आहे, कधी येतो ते विचारा. काकूंनी विचारलं नाही. शिंपीकाकांचं उत्तर त्यांच्याजवळ तयारच होतं. "उद्या नक्की," त्या म्हणाल्या, आणि निरोप द्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं, कारण त्या दिवशी घरी पाहुणे होते. त्या म्हातारीने दुसरा पूर्ण दिवस दाराकडे तोंड करून काढला. शेवटी तार आली, आणि शिंपीकाका पोचले तेव्हा घाटावरून लोक परत येत होते.

तेराव्यानंतर शिंपीकाका गल्लीत आले, मशीनवर बसले आणि काकूंचंच पोलकं शिवायला घेतलं. पाटीवरचा नंबर त्यांनी खोडला नाही. नंबर खोडला तर गिऱ्हाईक कुठे विचारणार? त्या दिवशी मला कळायला हवं होतं की ज्याच्या दारातून आपला आवाज बाहेर जातो, त्याच्यापुढे माणूस आईचं मरणसुद्धा गिळतो. पण मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि मला वाटे की हे शिंपीकाकांच्या स्वभावाचं दुबळेपण आहे.

मी बी.एस्सी. केलं होतं, वर बी.एड. बाबा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, भाऊ भिलाईला नोकरीला. सौसरच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघाली आणि मी मुलाखतीला गेले. मुख्याध्यापक उंच, कोरड्या आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी मला फळ्यावर प्रकाशाचं परावर्तन शिकवायला लावलं आणि मधेच थांबवून म्हणाले, "बस. पुरे." मला वाटलं, गेलं. ते म्हणाले, "असंच शिकवा पोरांना. समितीची सही झाली की फोनवर कळवतो. हो म्हणाल तर सोमवारी या. नाही म्हणाल तर पुढचं नाव आहे माझ्याजवळ." अर्जावर काकूंचा नंबर होता. पीपी मी ठळक लिहिलं होतं.

ती नोकरी मला किती हवी होती, हे आज सांगताना शब्द थोडे पडतात. मला पगारापेक्षा ते हवं होतं, की सकाळच्या बसने घरातून निघावं आणि कुठे चालली हे कोणाला सांगावं लागू नये.

पण त्याच महिन्यात काटोलकडचं एक स्थळ आलं होतं. संत्र्याच्या बागा, कापूस, घरात तीन सुना आणि तिघींपैकी एकीचाही आवाज मला बैठकीत ऐकू आला नाही. त्यांनी बाबांना एवढंच विचारलं होतं, "मुलगी नोकरीचं मनात घेऊन तर नाही ना?" बाबा म्हणाले होते, विचारून सांगतो. मला कोणी विचारलं नाही.

मुलाखतीहून आले त्याच संध्याकाळी मी काकूंकडे गेले आणि सांगितलं, "काकू, सौसरहून शाळेचा फोन आला की थाळी वाजवा. मी घरीच आहे. तुम्ही काही बोलू नका."

काकू हसल्या. "आता तू मले फोन शिकवतं का वो?"

थाळी वाजली नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी नळावर गेले नाही, मैत्रिणीकडे गेले नाही, आंघोळीलासुद्धा बादली घेऊन अंगणाच्या बाजूच्या मोरीत जात असे, म्हणजे टोला ऐकू यावा. सोमवार उजाडला आणि गेला. मंगळवारी मी कोणाला न विचारता सौसरच्या बसमध्ये बसले. वाटेत बोरगाव आलं तेव्हाही मला वाटत होतं, समितीची सही राहिली असेल, सह्या अशाच राहतात.

मुख्याध्यापकांनी मला ओळखलं. बसा म्हणाले नाहीत.

"तुम्ही कशाला आल्या? तुमच्या घरूनच तर सांगतलं, नोकरीचा विचार नाही, लग्न जुळून राहिलं."

"सर, आमच्या घरी फोनच नाही."

"मी विचारलं होतं ना, कोण बोलता म्हणून. बाई म्हणाल्या, घरूनच बोलून राहिली." त्यांना राग आला होता, आणि तो मला खोटा वाटला नाही. "फोनवर आलेल्या आवाजाले मी काय ओळखपत्र मागू?"

व्हरांड्यातून परत येताना वर्गाच्या खिडकीतून मला ती दिसली. माझ्याच वयाची, निळ्या साडीतली. फळ्यावर आरसा काढत होती आणि आपाती किरण चुकीच्या बाजूने काढत होती. मी खिडकीपाशी उभी राहून तो किरण पूर्ण होईपर्यंत पाहिला. तिचा काही दोष नव्हता, तरी मला तिचा तिरस्कार वाटला.

परतल्यावर मी चप्पल न काढता काकूंच्या ओसरीवर चढले. गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि थोड्याच वेळात सगळ्या दारांत माणसं होती. मी काय काय बोलले ते पूर्ण आठवत नाही. म्हातारीला दाराकडे बघत मारलंत, हे मात्र बोलले. समोर शिंपीकाकांची मशीन थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

काकू शांत होत्या. "मी चूक काय सांगतलं? तुह्या बाबानंच सांगून ठेवलं होतं. नोकरीचं कोणी विचारलं तर तसा विचार नाही म्हणा. विचार त्याले."

मी वळून पाहिलं. बाबा आमच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "मी ते काटोलवाल्यांसाठी सांगितलं होतं." पण हे ते मला म्हणाले, आणि तेही हळू. काकूंना एक शब्द बोलले नाहीत.

चोर तर चोर, वर शिरजोर. काकूंनी सगळ्यांसमोर पळी उचलली आणि आत नेऊन ठेवली. "गुरुजींच्या घरचा टोला आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "फोन आला तर ठेवून देईन."

भावाचा फोन दर रविवारी येई. त्याची बायको बाळंतपणाला टेकली होती. आईने रात्री जेवताना ताट बाजूला सारलं आणि मला म्हणाली, "उद्या जा, अन् माफी माग."

"मी? मी माफी मागू?"

"मग काय माह्या पोराची खबर मी वाऱ्याले विचारू?"

बाबा भात कालवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "माग बाई. दोन शब्दांनी काही कमी होत नाही." ज्या माणसाने मला बाराखडी शिकवली, चुकलं की उत्तर खोडून पुन्हा लिहायला लावलं, तो माणूस आज बरोबर उत्तर खोडायला सांगत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी त्या रात्री त्यांचा मनापासून द्वेष केला, आणि सकाळी केस विंचरून काकूंकडे गेले.

काकू फोनच्या खोलीतच खाली बसून कैरीचं लोणचं घालत होत्या. मोठ्या परातीत फोडी, तिखट, मोहरीची डाळ, तेल, आणि मनगटापर्यंत लाल झालेले दोन्ही हात. मी दारात उभी राहून म्हणाले, "काकू, चुकलं माझं."

"काय चुकलं?" त्यांनी वर न बघता विचारलं. त्यांना पूर्ण वाक्य हवं होतं.

"मी तुम्हाला वेडंवाकडं बोलले."

"अन् म्हातारीचं?"

"तेही."

"असं." त्यांनी एक फोड उचलून चाखली. "मीठ कमी पडलं. पोरीच्या जातीनं इतकं तिखट राहू नये वो. काटोलवाले चांगले लोक हायेत. मीच सांभाळून घेऊन राहिली त्याईले."

तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उचल. कोण आहे ते मले सांग."

मी खुर्चीवर बसले आणि फोन उचलला. काटोलहून मुलाचे वडील होते. त्यांनी बाबांना बोलवायला सांगितलं.

"मिनिटं जाऊन राहिले जी," मी म्हणाले, "मलेच सांगून द्या."

काकूंचा हात परातीत थांबला.

तिकडून विचारणा झाली की मुलगी सौसरला नोकरीसाठी गेली होती असं कानावर आलं, ते खरं का. मी म्हणाले, खरं आहे. लग्नानंतर करणार का? करणार. मग मी न विचारलेलंही सांगितलं. मुलगी भांडखोर आहे, कालच भर गल्लीत शेजारणीशी भांडली. वडिलांचं ऐकत नाही. कोणी तिच्या नावाने बोललेलं तिला चालत नाही.

 पलीकडून विचारलं, "तुम्ही कोण बोलता?"

"घरूनच बोलून राहिली," मी म्हणाले.

"बरं झालं सांगतलं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

काकू दोन्ही लाल हात वर धरून बसल्या होत्या. "पोरी, हे तू काय सांगतलं त्याईले?"

"मी चूक काय सांगितलं?" मी म्हणाले. त्या एका क्षणाचा आनंद मी अजून जपून ठेवला आहे. लोक म्हणतात सूड गोड नसतो. त्यांनी घेतलेला नसतो.

स्थळ मोडलं. काकूंनी ते गल्लीत कोणाला सांगितलं नाही, कारण त्यांच्या फोनवरून दुसरंच कोणी बोललं हे कळणं त्यांना परवडणारं नव्हतं. पण त्यांनी बाबांना बोलावून सगळं सांगितलं. बाबा घरी आले, ओरडले नाहीत, हात उचलला नाही. काकूंकडे ते काय ठेवून आले, ते मला आईने पाठ करून उभी राहून सांगितलं: यापुढे हिच्यासाठी कोणाचाही फोन आला तर सांगायचं, अशी मुलगी इथं राहत नाही.

गल्लीतल्या प्रत्येक घराचं एक उत्तर होतं. हे माझं.

वर्ष गेलं. भावाला मुलगी झाली, माफीनंतर परत मिळालेला टोला वाजला, आई धावली. मी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेत असे. बाबा माझ्याशी बोलत, पण "भाजी काय आहे" याच्यापुढे नाही. कोणाकोणाचे फोन आले असतील मला, माहीत नाही. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने फार पुढे भेटल्यावर विचारलं, "तू तेव्हा गाव सोडलं होतं ना?"

पुढच्या जूनमध्ये मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडे फोन वाजला. काकूंचा आवाज मोठा, ट्रंक कॉल असला की आणखी मोठा.

"कोण? सौसरहून? शाळेतून?"

माझ्या हातात बाबांचा ओला सदरा होता.

"नाही जी. अशी मुलगी इथं राहत नाही." मग पलीकडचं ऐकून, "हो जी. घरूनच बोलून राहिली."

मी सदरा टाकून पुढच्या दाराने धावले. काकूंच्या ओसरीवर चढले तेव्हा त्या फोनवर विणलेला रुमाल पांघरत होत्या.

"कोणाचा होता?"

"राँग नंबर," काकू म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघूनच म्हणाल्या.

मी घरात आले. खुंटीवरची पिशवी घेतली, तिच्यात दोन साड्या आणि प्रमाणपत्रांची गुंडाळी टाकली. आई स्वयंपाकघरातून पाहत होती. बाबा उंबऱ्यात बसून नखं काढत होते. माझी सावली अंगावर पडली तशी त्यांनी मान वर केली आणि पिशवीकडे पाहिलं. वर्षभरात त्यांनी मला पहिल्यांदा भाजीखेरीज काही विचारलं.

"कुठं चालली?"

"बाबा, मी इथं राहत नाही."

 त्यांनी पाय मागे घेतले आणि मला जायला वाट दिली.